साऱ्या जगाचे केंद्राध्यक्ष

आमच्या कॉलनीत कुणी समोर आलं की "काय चाल्लं?" म्हणायची पद्धत आहे. तेलगोटे काका मात्र विचारायचे, "आज कोनाचं आहे?" नवख्या माणसाला वाटायचं, कुणाचं तरी लग्न असेल, नाहीतर तेरवी. काकांना म्हणायचं असायचं, आज कोणत्या देशाचं मतदान आहे. उत्तरही तेच द्यायचे. "मंगोलियाचं," असं गंभीरपणे सांगून ते दुधाची पिशवी हलवत पुढे जायचे. त्या दिवशी त्यांची दाढी केलेली असायची आणि शर्ट इस्त्रीचा असायचा. मंगोलियासाठी.

वसंत तेलगोटे अकोल्याच्या तहसील कचेरीत निवडणूक शाखेत कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. मधल्या तीसेक वर्षांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही निवडणूक त्यांच्या हाताखालून गेल्यावाचून राहिली नाही. मी मूळची अमरावतीची. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून अकोल्याला आले आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिले. काका मला "वैशाली पोरी" म्हणायचे. त्यांच्या बायको सुमनकाकू आरोग्य सेविका होत्या. आयुष्यभर खेड्यापाड्यांत लसी टोचल्यामुळे त्यांना कुणाच्याही रडण्याचं फारसं काही वाटत नसे, आणि काकांच्या बोलण्याचंही.

निवृत्तीनंतरची दोन-तीन वर्षं काकांनी कशीबशी काढली. मग २०२४ उजाडलं. त्या वर्षी जगातल्या निम्म्याअधिक माणसांच्या देशांत मतदान आहे, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि ते एकदम कामाला लागले. शाळेत असतो तसा जगाचा मोठा नकाशा आणून त्यांनी हॉलमध्ये घटनेच्या प्रास्ताविकेशेजारी टांगला. एखाद्या देशाचं मतदान पार पडलं की त्या देशावर जांभळ्या पेनानं एक उभी रेघ ओढायची. याला ते "शाई लावणं" म्हणत. भूतानला शाई लागली, तैवानला लागली. बांगलादेशाला लावताना पेन जरा घसरलं आणि शाई आपल्या त्रिपुरावर गेली, तर काकांनी ओल्या कापसानं त्रिपुरा पुसून घेतला. "याचं अजून व्हायचं आहे," म्हणाले.

जानेवारीतच त्यांना पहिली काळजी लागली ती तुवालूची. तुवालू हा समुद्रातल्या चिमुकल्या बेटांचा देश. तिथं पक्षच नाहीत, ही गोष्ट काकांना फार आवडली होती. मतदान झालं, पण हवा इतकी बिघडली की निवडून आलेले काही सदस्य आपापल्या बेटांवर अडकले. त्यांना राजधानीत आणणारी बोटच सुटेना. दिवसच्या दिवस गेले. काका रोज सकाळी गेटपाशी उभे राहून मला तुवालूची हवा सांगायचे. तेल्हाऱ्याकडे एकदा नाल्याला पूर आला असताना त्यांनी मतपेट्या ट्रॅक्टरवरून काढल्या होत्या, त्यामुळे हे दुःख त्यांना आतून कळत होतं. "तठी एक ट्रॅक्टरवाला पाह्यजे होता," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. समुद्रात ट्रॅक्टर चालत नाही हे काकूंनी एकदाच सांगितलं. शेवटी सदस्य पोचले, सरकार बसलं, आणि काकांनी कॉलनीत पेढे वाटले. कॉलनीतल्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या चौघांनी ते खाल्ले. काकांचा मुलगा पुण्यात परमनंट झाला असं त्यांना वाटलं होतं.

मार्चमध्ये मला लोकसभेच्या निवडणुकीच्या कामाचा आदेश आला. माझी ती पहिलीच वेळ. पातूर तालुक्यातलं एक गाव, मी मतदान अधिकारी क्रमांक एक. मी तो कागद घेऊन काकांकडे गेले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. काकांनी आदेश दोन्ही हातांत धरून वाचला आणि बराच वेळ परत दिला नाही. लोकसभेच्या कामाचा आदेश त्यांना स्वतःला न येण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग त्यांनी माझं प्रशिक्षण घेतलं. बुटाच्या खोक्याला शर्टाच्या गुंड्या लावून त्यांनी मतदान यंत्र केलं. काकू मतदार, मी अधिकारी. काकू एकदा मतदार म्हणून आल्या, एकदा आंधळ्या मतदार म्हणून, एकदा दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलेल्या बाई म्हणून. तिसऱ्या वेळी त्यांनी इतका खरा कांगावा केला की मी त्यांना मत देऊ दिलं. काकांनी मला नापास केलं. काय काय न्यायचं याची त्यांनी यादी लिहून दिली: नायलॉनची दोरी, मच्छर अगरबत्ती, सातूचं पीठ, मेणबत्ती, आणि गावातल्या कुणाही कार्यकर्त्याचा चहा न पिण्याचा निर्धार. सकाळी यंत्र तपासायला खोटी मतं टाकतात, ती खऱ्या मतदानाआधी पुसायला विसरायचं नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की पुढे महिनाभर मी गॅस बंद केला तरी मनात विचारायची, क्लिअर दाबलं का?

माझं केंद्र नीट पार पडलं. काकांचं नाही. एप्रिलच्या उन्हात ते सकाळी सहालाच आमच्या कॉलनीतल्या शाळेवरच्या केंद्रावर गेले, पहिलं मत देऊन बाहेर आले आणि तिथंच थांबले. आतलं यंत्र खिडकीशेजारी ठेवलंय, बाहेरून बोट दिसू शकतं, हे त्यांनी केंद्राध्यक्षांना सांगितलं. त्यांनी यंत्र हलवलं. मग रांगेची दोरी सैल आहे हे सांगितलं. मग फलक वाकडा आहे हे. दहाच्या सुमारास शिपायानं अदबीनं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. ते समोरच्या रसवंतीवर जाऊन बसले आणि तिथून बोटांनी खुणा करू लागले. शेवटी काकू छत्री घेऊन गेल्या आणि त्यांना घरी घेऊन आल्या. रात्री उशिरा मी पातूरहून परतले तेव्हा काका आरामखुर्चीत पडून होते. केंद्राध्यक्षपदच हातातून गेल्यासारखं त्यांचं तोंड होतं. काकू म्हणाल्या, "याईले आता दुसरा देश पाहून द्या एखादा."

देश खूप होते. पण काकांना सगळ्यात जास्त वेड लावलं ते गांबियानं. खरं तर गांबियाची पाळी त्या वर्षी नव्हती. पण कुठंतरी वाचताना त्यांना कळलं की त्या देशात लोक कागदानं नाही, गोटीनं मत देतात. प्रत्येक उमेदवाराचा एक पिंप. मतदारानं नळीतून गोटी सोडायची, ती आत घंटीवर आपटते आणि एकदाच ठण्ण वाजतं. दोनदा वाजलं तर समजायचं, कुणीतरी दोन मतं टाकली. आणि सायकलच्या घंटीनं घोटाळा होऊ नये म्हणून केंद्राजवळ सायकलींना बंदी. तीस वर्षं कागद आणि सील करायची लाख सांभाळलेल्या माणसाला घंटी म्हणजे साक्षात्कारच वाटला.

नेमका त्याच सुमाराला कॉलनीत वाद पेटला होता. कचऱ्याची घंटागाडी कुठं थांबावी, निंबापाशी की पाण्याच्या टाकीपाशी? निंबापाशी थांबली तर गावंडे मास्तरांच्या फाटकासमोर वास यायचा. टाकीपाशी थांबली तर अर्ध्या कॉलनीला बादली घेऊन चालत जावं लागायचं. गावंडे मास्तर निवृत्त गणिताचे शिक्षक, आवाज मोठा. दोन बैठका झाल्या, दोन्हीत कुणी कुणाचं ऐकलं नाही. काकांनी हात वर करून सांगितलं की आपण सार्वमत घेऊ, गांबियाच्या पद्धतीनं. कॉलनीला फक्त वाद संपवायचा होता, म्हणून कॉलनी हो म्हणाली.

रविवारी सकाळी निंबाखाली टेबल मांडलं. तेलाचे दोन रिकामे डबे, एकावर निंबाचं चित्र, एकावर टाकीचं. आत सायकलच्या घंट्या, आणि पडलेली गोटी पुन्हा वाजू नये म्हणून तळाशी लाकडाचा भुसा. गोट्या काकांनी मतदारामागे एक याप्रमाणे मोजून आणल्या होत्या, एकेचाळीस. कॉलनीतल्या वात्रट लोकांनी "तेलगोट्यांच्या गोट्या" असं म्हणून घेतलंच. काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मी यादी तपासणारी. सायकली गल्लीच्या तोंडाशीच थांबवल्या होत्या. दूधवालाही बाहेरच उभा होता.

तासभर सगळं अगदी गांबियासारखं चाललं. एक माणूस, एक ठण्ण. मग ज्या गाडीसाठी हे सगळं चाललं होतं ती घंटागाडीच आली. तिचा भोंगा बिघडला होता म्हणून ड्रायव्हर हातानं पितळी घंटा वाजवत होता. त्या वेळी टाकीच्या डब्यासमोर सौ. गावंडे उभ्या होत्या. घंटा दहा-बारा वेळा वाजली. निंबाच्या बाजूचे लोक उठून उभे राहिले आणि म्हणाले की बाईंनी मूठभर गोट्या ओतल्या. बाई हात पुढे करून दाखवू लागल्या. गावंडे मास्तर ड्रायव्हरवर धावले, आणि ड्रायव्हरला वाटलं की आपल्या स्वागताला सगळी कॉलनी उभी आहे, म्हणून त्यानं घंटा आणखी जोरात वाजवली. काकांनी मतदान पंधरा मिनिटं तहकूब केलं, तसं कागदावर लिहिलं, ड्रायव्हरची त्यावर सही घेतली, आणि त्याला तिथंच चहा पाजला.

मोजणी आप्पेपात्रात. गांबियात खळग्यांच्या पाटात गोट्या मांडून मोजतात, आपल्याकडे काकूंचं आप्पेपात्र होतं. टाकीला वीस. निंबाला वीस. आणि निंबाच्या डब्याच्या तळाशी, भुशात, एक सुपारी.

एक गोटी कमी आणि एक सुपारी जास्त, याचा हिशोब आधी कुणालाच लागेना. मग काकांची नजर देशमुख आजोबांवर गेली. आजोबा नव्वदीच्या घरातले, तोंडात एकही दात नाही, दिवसभर सुपारी चघळत बसायचे. आताही गालाला फुगा होता. काका त्यांच्यापुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, तोंडात काय आहे?

"सुपारी," आजोबा म्हणाले. "आज लयच कडक निघाली बाप्पा."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या गालात बोट घातलं, आयुष्यभराच्या सवयीनं, आणि निळी गोटी बाहेर काढली.

गावंडे मास्तरांनी लगेच हरकत घेतली. सुपारी म्हणजे मत नव्हे, मत बाद, निकाल बरोबरीचा. मास्तरांचं म्हणणं गणिताला धरून होतं. काकांनी चष्मा पुसला. त्यांचा चेहरा मी त्यांच्या घरी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. कचेरीतले साहेब असेच दिसत असणार. त्यांनी सांगितलं की मतदाराला एकच मत होतं, ते त्यानं एकदाच टाकलं, आणि कोणत्या डब्यात टाकायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काय टाकलं यात चूक झाली, कुठं टाकलं यात नाही. "मतदाराचा इरादा साफ आहे. सुपारी वैध धरन्यात येते." निंब एकवीस, टाकी वीस. आजोबांना त्यांची सुपारी परत मिळाली नाही, ती काकांनी पाकिटात घालून सीलबंद केली. मास्तर आठ दिवस काकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच येऊन त्यांनी विचारलं की आज कोणाचं आहे.

पावसाळ्यानंतर प्रशांतचे फोन वाढले. प्रशांत म्हणजे काका-काकूंचा मुलगा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी, चौथ्या मजल्यावर फ्लॅट, दोन वर्षांची मुलगी. त्याचं म्हणणं होतं, आता दोघांनी पुण्याला यावं. काकूंचे गुडघे दुखायला लागले होते आणि नात फोनवर "आज्जी" म्हणायला शिकली होती, त्यामुळे काकूंचं मन केव्हाच तिकडे गेलं होतं. काका हलायला तयार नव्हते. पुण्यात त्यांना कोण विचारणार होतं, आज कोणाचं आहे म्हणून? हे ते बोलले नाहीत. ते म्हणाले, तिथलं पानी जड आहे.

महिनाभर दोघांत अबोला नव्हता, त्याहून वाईट चाललं होतं. दोघं एकमेकांशी फार नीट बोलत होते. त्याच सुमाराला मोल्दोव्हा नावाच्या देशात सार्वमत झालं. आधी एक बाजू पुढे होती, मग परदेशात राहणाऱ्यांची मतं आली आणि अगदी काठावर निकाल फिरला. काका दिवसभर टीव्हीसमोर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं की आपणही सार्वमत घेऊ. प्रशांतला हे कळल्यावर त्यानं फोन करून हक्क सांगितला, की मोल्दोव्हात बाहेरच्यांना मत आहे तर मलाही हवं. काकांनी त्याला नियम ऐकवला: ज्याचं नाव रेशनकार्डात, त्यालाच मत. प्रशांतचं नाव लग्नानंतर कमी केलं होतं. मतदार दोन.

मतपत्रिका काकांनी स्वतः काढल्या. पुण्याची निशाणी लिफ्ट, अकोल्याची कूलर. बटाटा कापून फुलीचा शिक्का बनवला. लोखंडी कपाटाचं दार उघडून त्याच्या आड मतदानकक्ष, आणि काकूंचा डाळीचा डबा म्हणजे मतपेटी. उमेदवारानं मोजणी करू नये म्हणून मला बोलावलं. पहिल्या फेरीत एक-एक. हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. काकांनी जाहीर केलं की कायद्याप्रमाणे आठ दिवसांनी दुसरी फेरी. असा कायदा कुठल्या देशात आहे हे मी विचारलं नाही.

त्या आठ दिवसांत काय झालं मला माहीत नाही. एवढंच पाहिलं, की एकदा काका अंगणात काकूंना जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना बघत उभे होते. आणि एकदा काकूंनी नकाशावरची धूळ पुसताना त्याचा खिळा निघाला म्हणून तो परत नीट ठोकला.

दुसऱ्या फेरीला दोघं पाळीपाळीनं कपाटाआड गेले. मी डबा उघडला. दोनच कागद. एक आधी उभा, मग आडवा दुमडलेला, शाई दुसऱ्या निशाणीवर उमटू नये म्हणून शिकवतात तसा अगदी नियमानं. दुसऱ्याची गोळ्या बांधून देतात तशी पुडी केलेली. कुणाचा कोणता हे सांगायची गरज नव्हती. मी नियमातला कागद उघडला. लिफ्टवर फुली. मी पुडी उघडली. कूलरवर फुली.

गुप्त मतदान म्हणजे गुप्त. मी दोन्ही कागद उलटे ठेवले आणि म्हणाले, "एक-एक."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. दोघांनाही दोन-शून्य ऐकायचं होतं, आपण हरलो असं. ते आलं नाही म्हणजे समोरच्यानं काय केलं, हे दोघांना एकाच वेळी कळलं. काका बटाट्याचा शिक्का उगाच पुसत राहिले.

"काहून केलं असं?" शेवटी काकूंनी विचारलं.

"गुप्त असते ते," काका म्हणाले.

काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि चहा व्हायला पाहिजे त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

पण यानं प्रश्न सुटला नाही, उलटा झाला. आता काका पुण्याचा हट्ट धरून बसले आणि काकू अकोल्याचा. पुण्याचं पाणी कसं हलकं आहे हे काका सांगत, आणि चौथ्या मजल्यावर वारा कसा झोंबतो हे काकू. पहिल्यापेक्षा जास्त भांडण झालं. प्रशांतला फोनवर काही समजेना. त्यानं मला विचारलं की आई-बाबा बरे आहेत ना. शेवटी मीच काकांना म्हटलं की बरोबरी झाली तर कायद्यात चिठ्ठी आहे. हे त्यांना पटलं. हा कायदा खरा होता. दोन चिठ्ठ्या डाळीच्या डब्यात टाकल्या, मी डोळे मिटून एक काढली. पुणे.

काकांनी निकालपत्र लिहिलं, सही केली, मला आणि काकूंना साक्षीदार म्हणून सह्या करायला लावल्या. घर विकायचं नाही, कुलूप लावायचं, किल्ली समोरच्या वैशालीकडे, असं त्यातच लिहिलं. त्या वर्षाच्या शेवटी रुमानियाच्या न्यायालयानं मतदान झालेली निवडणूकच रद्द केली. सामान बांधता बांधता ते ऐकून काका मटकन ट्रंकेवर बसले. नकाशावरची शाई पुसायची की ठेवायची, यात एक दुपार गेली. मग त्यांनी रेघेशेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि नकाशा गुंडाळला.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी त्यांना अकोला स्टेशनवर सोडायला गेले. थंडी चांगलीच होती. सामान चढवलं, काकू खिडकीशी बसल्या. मी खाली प्लॅटफॉर्मवर. त्या मला किल्लीचं, झाडांना पाणी घालायचं, मीटरच्या बिलाचं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहत नव्हते. काका तेवढ्यात आत कुठं दिसेनात. मला वाटलं, त्यांनाही निरोप घेणं जमत नसेल.

मग गाडी हलली आणि मला ते दिसले. डब्यात वाद झाला होता. एकाला खिडकी उघडी पाहिजे होती, एकाला बंद. काका मधोमध उभे होते, एक हात वरच्या बर्थला धरून, चष्मा कपाळावर. "ज्याईले बंद पाह्यजे, त्याईनं हात वर करा," असं काहीतरी मला ऐकू आलं. लेकुरवाळ्या बाईनं हात वर केला, मफलरवाल्या म्हाताऱ्यानं केला, वरच्या बर्थवरून एक हात खाली लोंबकळला. गाडी माझ्यासमोरून पुढे जात होती आणि आख्खा डबा मला टाटा करत असल्यासारखा दिसत होता. काका एकेका हाताकडे बोट दाखवत मोजत होते.

काकूंनी मला हात केला. काकांनी तोही मोजला.